इंजिन बांधून आणलं आणि नवाच आवाज सुरू झाला: जुन्या मोटरसायकलचं निदान पायरीपायरीने

जुन्या गाडीचं हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाचं, काम झालं, दोन-चार किकमध्ये गाडी चालूही झाली, आणि आधी कधी न ऐकलेली टकटक कानावर आली. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. घाबरून इंजिन लगेच परत खोलायला लावतो, नाहीतर ‘नवीन काम आहे, चालवून चालवून बसेल’ या भरवशावर गाडी रेटत राहतो. पहिल्यात चांगलं बसलेलं पॅकिंग वाया जातं, दुसऱ्यात कधी कधी क्रँक, म्हणजे पिस्टनखाली फिरणारा मुख्य दांडा.

ज्यांनी जुन्या गाडीचं इंजिन पहिल्यांदाच उघडलंय किंवा उघडून घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्याचा पाया एकच आहे: आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कधी येतो हे पक्कं करा. जागेच्या बाबतीत कान सर्रास फसतो, कारण लोखंडातून आणि अ‍ॅल्युमिनियममधून ठोका अख्ख्या इंजिनभर पसरतो. क्रँकचा आवाज टाकीखालून आल्यासारखा वाटतो आणि हेडचा चेनकव्हरमधून. पण आवाज थंड इंजिनाला येतो की तापल्यावर, लोडवर येतो की मोकळ्या रेसवर, हे नवख्यालाही नीट कळतं.

आधी ठरवा, इंजिन चालू ठेवायचं का

काही आवाज ऐकत बसायचे नसतात. खोल, जड ‘ठक-ठक’ येतेय आणि मिनिटागणिक वाढतेय. धातू धातूवर घासल्याची कर्रकर्र येतेय. बंद केल्यावर किक नेहमीपेक्षा जड लागतेय. किंवा तेल फिरताना दिसत नाही. यांतलं काहीही असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि पुन्हा ‘एकदा बघू’ म्हणून चालू करू नका. प्लग काढून, वरचा गिअर टाकून, मागचं चाक हाताने फिरवून बघा. एका ठरावीक जागी अडकत असेल तर आत काहीतरी कशालातरी लागतंय.

हलकी टिकटिक, चुकचुक, खडखड असेल तर तपासणीपुरतं इंजिन चालवायला हरकत नाही. मात्र एअरकूल्ड इंजिन उभ्या जागी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. वारा नसला की हेड फार लवकर तापतं, आणि नव्या पिस्टनला ते मुळीच मानवत नाही. समोर मोठा पंखा लावता आला तर उत्तम. बंद खोलीत मात्र अजिबात नको. एक्झॉस्टचा धूर जीवघेणा असतो.

कशाकशाला हात लागला, ते लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मं निदान इथेच होतं. कामानंतर आलेला नवा आवाज बहुतेक वेळा बदललेल्या भागाचा असतो, किंवा त्या भागापर्यंत पोचताना वाटेत जे काढलं त्याचा. हाफ इंजिन म्हटलं की आपल्या डोक्यात पिस्टन, रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) येतं. पण त्यासाठी टाकी काढली, कार्ब्युरेटर काढला, बेंड पाइप सोडवला, हेडला फ्रेमशी धरणारी पट्टी सोडली, व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर आणि पुशरॉड बाहेर आले, कदाचित ठिणगीच्या पॉइंटलाही हात लागला. यांतला प्रत्येक जण संशयित आहे. क्रँकला हातच लागला नसेल तर पहिल्याच दिवशी बिग एंडवर (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगवर) आळ घेण्यात अर्थ नाही.

काम दुसऱ्याने केलं असेल तर काढलेले जुने भाग मागून घ्या. जुना पिस्टन हातात असला की नवा त्याच जातीचा आहे का, पिनची जागा तीच आहे का, डोक्याची उंची तीच आहे का, हे ताडून बघता येतं.

इथे एक फसवी शक्यताही आहे. आवाज आधीपासूनच असेल, फक्त तो झाकलेला होता. ढिला पिस्टन आणि झिजलेला बोअर इतका खडखडाट करतात की त्याखाली रॉकरची टिकटिक किंवा प्रायमरी चेनची (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनची) खडखड ऐकूच येत नाही. पिस्टन नवा बसला, मोठा आवाज गेला, की मागचे बारीक आवाज पुढे येतात. कामाआधी फोनवर आवाज रेकॉर्ड केलेला असेल तर हा वाद लगेच मिटतो. आज गाडी ठीक असेल तर आजच एक रेकॉर्डिंग करून ठेवा: थंड असताना, तापल्यावर, आणि हळूहळू रेस वाढवताना.

तेल, बाकी सगळ्याच्या आधी

पाना उचलण्याआधी तेल बघा. पातळी बरोबर आहे का एवढंच नव्हे, तेल खरंच फिरतंय का ते. तेलाची टाकी वेगळी असलेल्या ड्राय संप गाड्यांत, म्हणजे जुन्या ट्रायम्फ-बीएसएसारख्या, टाकीचं झाकण उघडून आत बघितलं की परतीच्या नळीतून तेल येताना दिसतं. ते बुडबुड्यांसकट, थांबून थांबून येतं. त्यात घाबरण्यासारखं नाही, कारण परतीचा पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा जास्त क्षमतेचा असतो आणि तेलाबरोबर हवाही ओढतो. रॉकरला बाहेरून नळीने तेल जात असेल तर त्या नळीचा वरचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) अर्धा आटा सैल करून मंद आयडलिंगवर बघा. तेल झिरपायला हवं. दिसल्याबरोबर बोल्ट कसा आणि तांब्याचा वॉशर धड आहे याची खात्री करा.

इंजिन पूर्ण खोलून बांधलेलं असेल तर पंपात आणि नळ्यांत हवा भरलेली असते. अशा वेळी पहिल्या चालूच्या आधी प्लग काढून भरपूर किका मारायच्या, रॉकरवर आणि बोअरमध्ये हाताने तेल सोडायचं. हे न करता कोरडंच चालू केलेलं इंजिन पहिल्या मिनिटात जो टकटकाट करतं, तो तेल पोचल्यावर कमी होतो. कमी झाला नाही तर तेल पोचलेलंच नाही असं धरून चाला. पॅकिंगला जास्तीचा सिलंट लावला असेल, तर आतल्या बाजूला निघालेली त्याची गाठ तुटून तेलाच्या भोकात अडकते. हे जितकं लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आणखी एक. वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललेल्या, नीट फिल्टर नसलेल्या इंजिनात अचानक डिटर्जंटवालं तेल भरलं तर आत साचलेला गाळ सुटून फिरायला लागतो. काही ब्रिटिश ट्विनच्या (दोन सिलिंडरच्या गाड्यांच्या) क्रँकमध्ये गाळ धरून ठेवणारी मुद्दाम केलेली पोकळी असते. ती साफ न करता फक्त तेलाची जात बदलली तर बिग एंडकडे जाणारी वाट बुजू शकते.

बाहेरचे आवाज आधी बाद करा

इंजिनाचा म्हणून दाखवला जाणारा आवाज कितीदा तरी इंजिनाच्या आतला नसतोच. पहिला संशयित एक्झॉस्ट. बेंड पाइप हेडला बसतो तिथून गॅस गळत असेल तर टॅपेटसारखीच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांसारखीच, टिकटिक किंवा चुकचुक येते, थंड असताना जास्त, लोडवर आणखी जास्त. इंजिन थंड असताना त्या जोडावर साबणाचं पाणी लावा आणि चालू करा, फेस येतो का बघा. सायलेन्सरच्या तोंडावर जाड कापडाची घडी क्षणभर दाबून धरली, तर गळती असलेल्या जागी चुकचुक एकदम वाढते. प्लगच्या वॉशरभोवती आणि हेड पॅकिंगच्या कडेलाही हीच साबणाची तपासणी करा. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरचा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) असलेल्या गाडीत केबलला थोडी ढील हवीच. ती ताणलेली राहिली तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि फुसफुस सुरू होते.

मग इंजिनचे माउंटिंग बोल्ट, हेडची पट्टी, हॉर्नची पट्टी, चेनगार्ड, टूलबॉक्सचं झाकण. इंजिन चालू ठेवून एकेका वस्तूवर हात दाबत जा, चटके सांभाळून. आवाज बदलला की वस्तू सापडली. काही गाड्यांच्या सिलिंडरच्या फिनमध्ये छोटे रबर ठोकळे असतात. ते साफसफाईत काढले आणि परत बसवले नाहीत, तर फिन झणझणतात आणि तो पातळ, धातूचा आवाज थेट पिस्टनचा वाटतो.

एवढ्यावर आवाज मिटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता मुख्य प्रश्न: कधी?

कागद घ्या आणि पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा, घाई न करता.

पहिलं, थंड की गरम. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा. आवाज पहिल्या मिनिटात मोठा आणि इंजिन तापलं की विरत जाणारा असेल, तर पिस्टनकडे बोट जातं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे बिडाच्या सिलिंडरमधला पिस्टन थंडीत ढिला आणि गरम झाल्यावर फिट असतो. उलट थंडीत सगळं शांत आणि तेल तापून पातळ झालं की ठोका सुरू, असं असेल तर बेअरिंगचा विचार करावा लागतो. दाट तेलाने भरलेली फट पातळ तेलाने भरत नाही.

दुसरं, ठोक्याची गती. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्याचा) एक होतो. म्हणून टॅपेट, रॉकर, पुशरॉड, कॅम यांचा आवाज इंजिनाच्या निम्म्या गतीने येतो. हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला साधारण सोळा-सतरा वेळा फिरतो, ते कुणाला मोजता येत नाही. पण सिंगल सिलिंडर गाडीत मोजायची गरजच पडत नाही. सायलेन्सरची प्रत्येक ‘धप’ म्हणजे क्रँकचे दोन फेरे. आयडलिंग जमेल तितकी मंद करा आणि ऐका. एका धपेमागे एक टिक येत असेल तर व्हॉल्व्हकडची बाजू. एका धपेमागे दोन टिका येत असतील तर क्रँकबरोबर फिरणारं किंवा वरखाली होणारं काहीतरी. एक अपवाद लक्षात ठेवा. पिस्टनचा धक्का पॉवर स्ट्रोकला सर्वांत जोरात बसतो, त्यामुळे तोही एका धपेमागे एकदाच ऐकू येऊ शकतो. तिथे थंड-गरम तपासणीच कामाला येते.

तिसरं, लोड. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरला हळू जा आणि थ्रॉटल उघडा. मग सोडून द्या. लोड आल्यावर वाढणारा ठोका बिग एंड, क्रँकचं मेन बेअरिंग किंवा पिंकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका) यांच्याकडे जातो. थ्रॉटल सोडल्यावर, म्हणजे इंजिन गाडीला अडवत असताना, येणारी खडखड बऱ्याचदा चेनची किंवा टू स्ट्रोकमध्ये पिस्टनची. स्थिर, हलक्या रेसवर येणारा आणि लोड दिल्यावर दबणारा टणटणीत दुहेरी ठोका स्मॉल एंडचा, म्हणजे रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाचा, असू शकतो.

चौथं, क्लच. न्यूट्रलमध्ये क्लच दाबा. आवाज गेला किंवा बदलला तर क्लच बास्केट, तिचं बेअरिंग किंवा गिअरबॉक्स बघा. हेड खोलायचं काहीच कारण नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि तरी ती न करता माणसं सिलिंडर उतरवतात.

पाचवं, ठिणगी. हँडलवर अ‍ॅडव्हान्स-रिटार्डची कांडी असलेली जुनी गाडी असेल तर तिच्यासारखं निदानाचं साधन नाही. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतल्यावर ठोका मऊ झाला तर तो पेट्रोल जळण्याच्या दाबाशी जोडलेला आहे: पिंकिंग, स्मॉल एंड किंवा बिग एंड. काहीच फरक पडला नाही तर टॅपेट, चेन, गिअर. ट्विन असेल तर एकेका सिलिंडरचा प्लग बंद करून बघता येतं. ज्या बाजूचा प्लग बंद केल्यावर ठोका मंदावतो, ती बाजू. प्लगकॅप काढाल तेव्हा तिच्यात दुसरा प्लग खोचून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. उघड्या हवेत सोडलेली कॅप कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जाळू शकते, आणि झटका बसतो तो वेगळाच.

मग कुठे?

आता लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. लाकडी मूठ असेल तर जास्त चांगलं. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर प्रश्नच नाही. आवाज कुठे आहे यापेक्षा कुठे सर्वांत मोठा आणि कोरडा आहे हे बघा. रॉकर कव्हर, मग हेड, सिलिंडरचा वरचा भाग, खालचा भाग, टायमिंग कव्हर, चेनकव्हर, दोन्ही बाजूंचं मेन बेअरिंग, या क्रमाने जा आणि परत उलट या. ओढणी, मफलर, सैल बाही, मोकळे केस असं काही नको. चेन आणि क्लचच्या आसपास स्क्रूड्रायव्हर नेताना तर नकोच.

टॅपेट: सर्वांत जास्त आरोपी, सर्वांत जास्त निर्दोष

हलकी, नियमित, निम्म्या गतीची टिकटिक रॉकर कव्हरपाशी सर्वांत स्पष्ट येत असेल तर टॅपेटची फट बघा. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, वरचा गिअर टाकून मागचं चाक हळू फिरवा. इनलेट व्हॉल्व्ह उघडून बंद झाला की त्यानंतर पिस्टन वर येईल तो कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकातून स्ट्रॉ घालून पिस्टन सर्वांत वर आला का ते बघता येतं. कडक सळई घालू नका, तिरप्या भोकात ती अडकून वाकते.

फट किती ठेवायची हे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा, मित्राच्या गाडीवरून ठरवू नका. ट्रायम्फच्या ६५० सीसी ट्विनला थंडीत इनलेट ०.०५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.१० मिमी, त्याच काळातल्या बीएसए ए६५ ला ०.२० आणि ०.२५. बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेटला तर फटच ठेवत नाहीत: पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरायला हवा, पण वरखाली चाल शून्य. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड वाढतात आणि फट आपोआप थोडी उघडते, म्हणून हे चालतं.

बुलेटवर हे काम करताना नवख्यांची गंमत होते ती लॉक नटपाशी. सिलिंडरच्या बाजूचं टॅपेट कव्हर काढलं की पुशरॉडच्या तळाशी अ‍ॅडजस्टर दिसतो. बोटात पुशरॉड धरून तुम्ही चाल अगदी अचूक लावता, रॉड छान फिरतो. मग एका पान्याने खालचा भाग धरून दुसऱ्याने लॉक नट कसता, आणि कसताना अ‍ॅडजस्टर केसभर सरकतो. रॉड एकतर घट्ट होतो किंवा त्यात पुन्हा चाल येते. म्हणून नट कसल्यानंतरची तपासणी हीच खरी. दोन-तीनदा करावं लागतं. घट्ट राहण्यापेक्षा किंचित टिकटिक परवडते. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. अगदी शांत झालेल्या रॉकर बॉक्सवर मी खूश होत नाही.

फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट बरोबर दाखवली आणि तरी टिकटिक राहिलीच, तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांड्याने घासून तिथे खड्डा पडलेला असतो. गेजची सपाट पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते आणि खरी फट मोजलेल्या फटीपेक्षा मोठी निघते. रॉकरची आडवी चाल, झिजलेला कॅम, तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग हे त्यानंतरचे. हेड आत्ताच बसवलेलं असेल तर पुशरॉडचं टोक रॉकरच्या वाटीत नीट बसलंय का, आणि इनलेट-एक्झॉस्टचे रॉड उलटसुलट तर झाले नाहीत ना, हेही बघा.

पिस्टन आणि बोअर

थंडीत येणारा, सिलिंडरच्या भिंतीतून ऐकू येणारा, जरासा पोकळ ‘टप-टप’ हा पिस्टनचा. नव्या बोअरवर नव्या पिस्टनला थोडा आवाज असणारच. जुना ठोकताळा असा की बोअरच्या हजाराव्या हिश्श्याइतकी फट ठेवायची, म्हणजे ७० मिमीच्या बोअरला साधारण ०.०७ मिमी, पण पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळायचा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फट मागतो आणि थंडीत जास्त वाजतो. तापल्यावर तो शांत होत असेल तर त्याला त्याच्या जागी राहू द्या.

तापल्यावरही जात नसेल तर दोन गोष्टी विचारा. बोअर मारणाऱ्याला पिस्टन हातात दिला होता का, की नुसता ‘पुढचा साइझ’ सांगितला? आणि पिस्टनवरचा बाण बरोबर दिशेला आहे का? बऱ्याच पिस्टनमध्ये गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) मधोमध नसते, किंचित एका बाजूला सरकवलेली असते, ती मुळात हा धक्का कमी करण्यासाठीच. पिस्टन उलटा बसला की नेमका उलटा परिणाम होतो.

बोअर न मारता फक्त रिंग बदलल्या असतील आणि स्वच्छ, टोकदार ‘टिक’ क्रँकच्या पूर्ण गतीने येत असेल, तर जुन्या बोअरच्या वरच्या कडेला राहिलेला कंगोरा आठवा. जुनी रिंग झिजून गोल झालेली असते, ती त्याला लागत नाही. नवी चौकोनी कडेची रिंग थेट त्यावर आदळते. असं चालवत राहिलं तर रिंग मोडते.

हेड घासून घेतलं किंवा पातळ पॅकिंग टाकलं असेल तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला लागण्याची शक्यता धरा. तपासणी सोपी आहे. पिस्टनच्या डोक्यावर मऊ प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवा, वर थोडं तेल लावा, पॅकिंगसकट हेड कसा, टॅपेट लावा आणि हाताने क्रँक दोनदा पूर्ण फिरवा. हेड काढून गोळा ब्लेडने कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. व्हॉल्व्हपाशी साधारण दीड ते दोन मिमी उरायला हवेत.

रेस कमी आणि लोड जास्त असताना, चढावर, वाळूचे खडे डब्यात हलवल्यासारखा आवाज येतो तो पिंकिंगचा. त्यात ढिला भाग कोणताच नसतो. टायमिंग पुढे गेलेलं, मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालेलं, किंवा घासलेल्या हेडमुळे कॉम्प्रेशन वाढलेलं असतं. पॉइंटची फट वाढवली की टायमिंग पुढे सरकतं, हे विसरून फक्त फट ‘नीट’ करणारे बरेच आहेत. पिंकिंग दुर्लक्ष करण्यासारखं नाही, पिस्टनला भोक पडतं.

बिग एंडवर आळ घेण्याआधी रोटर हलवून बघा

खोल ठोका, चेनकव्हरच्या बाजूने, आयडलिंगला अनियमित. ऐकणारा प्रत्येक जण ‘बिग एंड गेला’ म्हणतो. ज्या गाड्यांत क्रँकच्या टोकावर अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग; त्याचा रोटर फिरतो, स्टेटर स्थिर असतो) बसतो तिथे आधी चेनकव्हर उघडा. रोटरचा नट सैल असू शकतो, रोटरला क्रँकवर पक्का धरणारी चावी (धातूची छोटी पाचर) झिजलेली असू शकते, किंवा जुन्या रोटरचा मधला पोलादी गाभा बाहेरच्या भागातून सुटलेला असतो. हा शेवटचा प्रकार नट पक्का असला तरी वाजतो आणि हुबेहूब बिग एंडसारखा वाजतो. गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून ठेवायला कुणालातरी सांगा आणि रोटर हाताने दोन्ही दिशांना पिळा. जरासुद्धा हलला तर चोर सापडला.

रोटर आणि स्टेटरमधली फट सगळीकडे सारखी, किमान ०.२ मिमी हवी. ती प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पट्टीने मोजा. पोलादी फीलर लोहचुंबकाला चिकटतो आणि काहीही दाखवतो. स्टेटरवर एका बाजूला चकचकीत घासलेली जागा दिसली तर तो लागतोय. कव्हर उघडलंच आहे तर प्रायमरी चेनची ढील चार-पाच ठिकाणी क्रँक फिरवून मोजा आणि ॲडजस्टमेंट सर्वांत ताठ जागेवर करा. जास्त ताणलेली चेन रडवेला आवाज काढते आणि बेअरिंग खाते.

बिग एंड खरंच बघायचा तर सिलिंडर उतरवावा लागतो. पिस्टन अर्ध्यावर ठेवा, क्रँक कुणालातरी पक्का धरायला सांगा आणि कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढा-ढकला. त्या दिशेला चाल अजिबात जाणवता कामा नये. डाव्या-उजव्या बाजूला सरकतो आणि वरचं टोक किंचित डुलतं, ते असतंच, त्यावरून रॉड बाद करू नका. मेन बेअरिंगचा आवाज ठोक्यापेक्षा घरघरीसारखा असतो आणि फूटरेस्टमधून पायांना कळतो.

टू स्ट्रोकबद्दल थोडं

जुन्या टू स्ट्रोक जावा-येझदी किंवा तसल्या गाड्यांत टॅपेट नाहीत, त्यामुळे यादी छोटी. थ्रॉटल सोडल्यावरची थोडी खडखड स्वाभाविक आहे. बोअरनंतर पोर्टच्या कडा घासून गोल केल्या नसतील तर रिंगची टोकं तिथे अडकतात. गजन पिनचे लॉक प्रत्येक वेळी नवेच टाका; सुटलेला लॉक बोअर चिरत जातो. क्रँकचा सील हवा ओढत असेल तर मिक्स्चर लीन होतं आणि नवा पिस्टन सीझ (जाम) होण्याआधी वाजून सांगतो. रेस आपोआप चढत असेल तर सील आधी बघा.

खोलायचं ठरलं, तर

इंजिन गरम असताना तेल काढा आणि पांढऱ्या सुती कपड्यातून गाळा. कपडा उन्हात धरा. चमचमणारे कण लोहचुंबकाला चिकटले तर पोलाद: बेअरिंग, गिअर, कॅम. न चिकटणारे पांढुरके म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, बहुधा पिस्टन. पिवळसर झाक असेल तर पितळी बुश. नव्या बोअरनंतर पहिल्या तेलात थोडी बारीक राखाडी पूड येतेच. डोळ्यांना दिसतील एवढे कण मात्र येता कामा नयेत.

मेकॅनिककडे द्यायची असेल तर ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. वरचा कागद द्या: थंडीत येतो, एका धपेमागे एक, लोडने फरक पडत नाही, क्लच दाबून जात नाही, रॉकर कव्हरवर सर्वांत मोठा. एवढ्या पाच ओळींवर जाणता माणूस कुठलं कव्हर आधी उघडायचं ते सांगेल. उघडल्यावर, भाग पुसून साफ करण्याआधी, आपल्याला दाखवायला सांगा; घासल्याच्या खुणा आणि तेल न पोचलेल्या कोरड्या जागा तेव्हाच दिसतात. आणि काम झाल्यावर पहिली काही गरम-थंड आवर्तनं झाली की थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला कसून घ्या. पॅकिंग बसलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून ती त्यानंतरच परत लावा, आधी नाही.